बेडूक बोट सोडत नाही तेव्हा: मोठ्या, चावऱ्या पाळीव बेडकाला हाताळायचं कसं

गेल्या पावसाळ्यात लातूरला बहिणीकडं गेलो होतो. संध्याकाळची वेळ, चहा घेत बसलेलो, आणि आतल्या खोलीतनं भाच्याची किंकाळी आली, "मामा, सोडंना की ओ हे!" पळत गेलो तर त्याचं बोट एका हिरव्यागार, पुरीएवढ्या बेडकाच्या तोंडात, पोरगं जीव खाऊन हात झटकायलंय आणि बेडूक तसाच लोंबकळायलाय. चौथ्या-पाचव्या झटक्याला बेडूक सुटला आणि फरशीवर आपटला. बोटावर दोन ओरखडे खोल गेले, बेडकाच्या ओठातनं रक्त आलं. मग घरात एकच गोंधळ. आज्जीने हळद लावली, शेजारच्या काकू म्हणाल्या विषारी असतंय हे, दाजी गाडीची किल्ली घेऊन उभे की आधी रेबीजचं इंजेक्शन.

मी स्वतः सहा वर्षं असला एक बेडूक सांभाळतोय म्हणून मला विचारलं सगळ्यांनी, आणि तेव्हा कळलं की विकत घेताना पोराला कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. रील बघून असले बेडूक घेणारी पोरं आता संभाजीनगर, नांदेड, परभणीतही भेटतात, प्रश्न सगळ्यांचे तेच असतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

हा बेडूक आहे तरी कुठला

दुकानात ज्याला पॅकमॅन म्हणतात तो दक्षिण अमेरिकेतला शिंगी बेडूक. शिंगं म्हणजे डोळ्यांवर मांसाची छोटी टोकं असतात तेवढीच. अर्जेंटिना, पॅराग्वे, बोलिव्हिया, ब्राझील हा त्याचा मुलूख. १९८० साली आलेल्या व्हिडिओ गेममधल्या त्या गोल पिवळ्या तोंडावरनं हे नाव पडलं, कारण ह्याचंही तसंच, अंग गोल आणि अर्धं अंग तोंडच. घेताना रुपयाच्या नाण्याएवढा असतो आणि दीड-दोन वर्षांत बशीएवढा होतो. ह्यात मादी मोठी, मोठ्या जातीची मादी १५ सेंटीमीटरच्या आसपास जाते.

दुसरा म्हणजे आफ्रिकन बुलफ्रॉग. ह्यात उलटं, नर मोठा, २० सेंटीमीटरच्या पुढं जातो आणि वजन किलोच्या वर. खालच्या जबड्यात पुढं हाडाचेच सुळे असतात. जंगलात हा नर आपल्या पिल्लांची राखण करतो, डबकं आटायला लागलं तर मोठ्या पाण्यापर्यंत चर खोदून पिल्लांना वाट करून देतो आणि जवळ येणाऱ्या कुणावरही उडी घेतो. हे दोन्ही बेडूक नीट सांभाळले तर दहा वर्षं सहज जगतात, म्हणजे पोरगं सातवीत असताना घेतलेला बेडूक ते इंजिनिअरिंगला गेलं तरी घरीच असणार, तवा घरातल्या मोठ्यांनीही हे वाचून ठेवावं.

राग येतो म्हणून चावतो का?

बहुतेक वेळा नाही. ही एक गोष्ट समजली की बाकीचं सगळं सोपं जातं.

हा बेडूक शिकारीमागं पळत नाही. मातीत अर्धा गाडून घेऊन बसतो, फक्त डोळे वर, आणि समोरनं काही सरकलं की झडप. त्याच्या डोळ्याची रचनाच तशी आहे. १९५९ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या डोळ्यातनं मेंदूकडं जाणाऱ्या नसा तपासल्या तर त्यातल्या काही नसा छोटी, गडद, हलणारी वस्तू दिसली तरच जाग्या होतात असं दिसलं. म्हणजे आजूबाजूला मेलेल्या माश्यांचा खच पडला तरी बेडूक उपाशी राहील, कारण त्याच्या लेखी जे हलत नाही ते खाणं नाही. जत्रेतल्या गर्दीत आईला फक्त आपल्या लेकराचाच आवाज ऐकू यावा तसं आहे हे, बाकी सगळं डोळ्यासमोर असून त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

आता तुम्ही पेटीत हात घातला. बोटं पाच, प्रत्येक बोट अळीच्या आकाराचं, हलणारं, कोमट. त्याला काय वाटणार? त्याने खाऊ धरला, बस्स. मालक कोण, पाहुणा कोण, हा हिशोब त्याच्याकडं नाही.

दुसरं कारण भीती. वरनं मोठी सावली आली, कुणी मागनं दाबलं, तर तो अंगात हवा भरून टम्म फुगतो, चारी पायांवर उंच होतो, तोंड उघडं ठेवतो, कधीकधी लहान लेकरासारखं ओरडतो सुद्धा. हे दिसलं की हात मागं घ्यायचा आणि तासभर पेटीकडं जायचं नाही.

आणि एक खूण जी फार थोड्या लोकांना माहीत असते. पॅकमॅन मागच्या पायाची बोटं वळवळवतो, अळी वळवळावी तशी. ते आमिष असतं, छोटा प्राणी बोटाला अळी समजून जवळ यावा म्हणून. तुमचा बेडूक गप्प बसलाय पण मागची बोटं थरथरतायत म्हणजे तो आत्ता शिकारीच्या तयारीत आहे, अशा वेळी पाण्याची वाटी बदलायला सुद्धा हात घालू नका.

एक गैरसमज पण काढून टाकतो. कधी तो सारखं तोंड उघडतो, अंग आखडतो, जांभया दिल्यासारखं करतो. बऱ्याच वेळा तो कात टाकत असतो आणि ती जुनी कात तोंडाने ओढून गिळत असतो. त्यात हल्ल्याचा काही संबंध नसतो, त्याला ते निवांत करू द्यावं.

एवढंसं तोंड, लागून लागून किती लागणार?

२०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी शिंगी बेडकांच्या चाव्याचा जोर मोजला. साडेचार सेंटीमीटर रुंद डोक्याचा, म्हणजे मध्यम बेडूक, साधारण ३० न्यूटन जोराने चावतो. सोप्या भाषेत, तीन किलोचं वजन दाताच्या टोकांवर. आणि डोकं १० सेंटीमीटर रुंद असेल तर हाच जोर ५०० न्यूटनच्या आसपास जाईल असा त्यांचा हिशोब, म्हणजे सिमेंटचं अख्खं पोतं. घरातला बेडूक तेवढा मोठा सहसा होत नाही, पण ह्या दोन आकड्यांच्या मधे कुठंतरी तुमचं बोट असतं हे लक्षात ठेवा.

जोरापेक्षा दातांची ठेवण महत्त्वाची. वरच्या जबड्यात बारीक टोकदार दातांची ओळ आणि ते दात आतल्या बाजूला वळलेले. बाभळीच्या काटेरी फांदीत सदरा अडकल्यावर ओढला तर फाटतो आणि उलटा सरकवला तर निघतो, तसंच हे. शिवाय बेडूक चावून खातच नाही, तोंडात आलेलं सरळ आत ढकलतो, त्यासाठी डोळे सुद्धा आत ओढून घेतो आणि डोळ्यांच्या गोळ्यांनी घास घशाकडं रेटतो. म्हणजे तुम्ही जितकं ओढाल तितकी त्याला शिकार निसटतेय असं वाटणार आणि तो अजून घट्ट धरणार.

जीभ पण तशीच. जर्मनीतल्या कील विद्यापीठात २०१४ साली मोजलं तर जिभेची चिकटण्याची ताकद बेडकाच्या स्वतःच्या वजनाहून जास्त भरली.

मग हात लावायचाच नाही का?

जितका कमी लावाल तितकं बरं, आणि हे तुमच्या बोटापेक्षाही त्याच्या जिवासाठी सांगतोय.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने ओढून घेतो. थोडाफार श्वासही कातडीतनंच. म्हणजे कातडी हेच त्याचं तोंड आणि कातडी हेच फुप्फुस. आता आपल्या हाताला काय काय असतं ते बघा. साबण, सॅनिटायझर, खोबरेल तेल, डासाची क्रीम, हे तर शहरात. आपल्याकडं त्यात तंबाखू आणि चुन्याची भर. तळहातावर तंबाखू मळली आणि त्याच हाताने बेडूक उचलला तर निकोटिन आणि चुना दोन्ही त्याच्या अंगात. कापसावर, तुरीवर फवारणी करून आलेल्या माणसाने तर त्या दिवशी पेटीला हातच लावू नये, आंघोळ केली तरी नखात, बाहीला राहतंच. माझ्या ओळखीच्या एका पोराचा बेडूक असाच दोन दिवसांत गेला, घरात फवारणीचे दिवस होते आणि कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

पाण्याचंही तेच. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, आपल्याला वास येतो, त्याला भाजतं. ते पाणी उघड्या बादलीत किमान २४ तास ठेवा, किंवा माशांच्या दुकानात क्लोरीन मारणारे थेंब मिळतात ते टाका. आणि पेटीतली माती, म्हणजे बहुतेक जण कोकोपीट, नारळाच्या काथ्याचा भुसा, वापरतात ते, वेळच्या वेळी बदला. ती बदलली नाही तर त्याच्याच लघवीतला अमोनिया कातडीतनं परत अंगात जातो, बेडूक सैरभैर होतो आणि आपण म्हणतो आजकाल चिडका झालाय.

पण पेटी धुवायला तर काढावाच लागतो, तेव्हा?

मी हात वापरतच नाही. प्लास्टिकचा एक डबा घेतो, बेडकापेक्षा दीडपट, झाकणाला भोकं पाडलेली, आणि एक सपाट प्लास्टिकचा उलथना जो स्वयंपाकात वापरत नाही. डबा आडवा करून त्याच्या तोंडासमोर ठेवायचा आणि मागनं उलथन्याने हळू रेटायचं. तो पुढं सरकतो, डब्यात जातो, झाकण लावलं, झालं. तो मागं वळून उलथन्याला चावला तर चावू द्या, ओढाओढ करू नका, थोडं थांबा, सोडतो.

कधी हातानेच उचलावं लागलं, जखम बघायची आहे किंवा डॉक्टरला दाखवायचं आहे, तर हात नुसत्या पाण्याने खूप वेळ धुवायचे, साबण लावलाच तर त्याचा अंश राहता कामा नये, आणि क्लोरीन काढलेल्या पाण्याने ओले करायचे. त्याहून चांगलं म्हणजे पावडर नसलेले नायट्राइलचे ग्लोव्ह्ज, तेही त्याच पाण्यात विसळून. हात नेहमी मागनं न्यायचा. पुढच्या पायांच्या मागं, दोन्ही कुशींना अंगठा आणि बोटं येतील असं धरायचं, दुसरा तळवा पोटाखाली. तान्ह्या लेकराला उचलताना ढुंगणाखाली हात देतो ना, तसाच आधार. दाबायचं नाही, पोट फार मऊ असतं. आणि हे सगळं जमिनीवर बसून, खाली ओली माती किंवा ओला टॉवेल असताना करायचं, कारण निसटला तर फुटभराच्या उंचीवरनं सुद्धा त्याच्या जड अंगाला मार लागतो.

"चामड्याचे जाड ग्लोव्ह्ज घातले तर?" असं बरेच जण विचारतात. बोट वाचेल, बेडूक सोलला जाईल. जाड ग्लोव्ह्जमधे आपण किती दाबतोय तेच कळत नाही, आणि कोरडं चामडं किंवा सुती कापड त्याच्या अंगावरचा चिकट थर पुसून काढतं. तो थरच त्याला बुरशीपासनं वाचवतो.

खाऊ घालताना लांब चिमटा वापरायचा, बांबूचा किंवा टोकाला रबर असलेला, लोखंडी नको कारण तो झडप घालतो तेव्हा जबडा त्यावर आपटतो. मोठ्या बेडकाला आठ-दहा दिवसांतनं एकदा पोटभर पुरतं, रोज घालून लोक त्याला लठ्ठ करून मारतात. गांडूळ द्या पण खताच्या शेडमधली लाल गांडुळं बहुतेक बेडूक थुंकून टाकतात, त्यांना कडवट चिकट पाणी सुटतं. आणि खाऊ घातल्यावर तास-दोन तास पेटीत हात नको, त्याची भूक तेव्हा जागी असते आणि जे हलेल ते दुसरा घास.

धरलंच बोट, आता?

झटकू नका. ओरडायचं तर ओरडा, पण हात स्थिर ठेवा. हे बोलायला सोपं आणि करायला लई अवघड आहे, म्हणून घरातल्या लेकरांना आधीच सांगून ठेवा, दोन-चार वेळा खोटं खोटं करून दाखवा.

हात हळूच खाली पेटीच्या तळाला टेकवा म्हणजे बेडकाच्या पायाला जमीन लागेल. लोंबकळत असला की तो घाबरून अजून आवळतो. पाय टेकले की बऱ्याचदा काही सेकंदांत, कधी दोन-चार मिनिटांत, त्याला कळतं हा घास गिळायचा नाही, आणि तो सोडतो. नाही सोडलं तर डोक्यावरनं गार पाणी हळूहळू ओता किंवा हातासकट पाण्याच्या उथळ टबात ठेवा. तरीही नाही, तर जुनं एटीएम कार्ड तोंडाच्या कोपऱ्यातनं अलगद सरकवा आणि जबडा जरासा उघडला की बोट आधी आत ढकलून मग वर काढा, त्या वळलेल्या दातांतनं ते असंच निघतं.

लिंबू, व्हिनेगर, मीठ, स्पिरिट, चुना ह्यातलं काहीही त्याच्या तोंडावर टाकू नका. सोडेल तो नक्की, पण ते सगळं त्याच्या कातडीतनं आत जाईल आणि दोन दिवसांनी तुम्हाला मेलेला सापडेल.

विष, रेबीज, टीटी

विष नाही. चाव्यातनं अंगात जाईल असं विष ह्या दोन्ही बेडकांकडं नाही. कातडीचा चिकट पदार्थ डोळ्यात गेला तर चुरचुरतं, म्हणून हात न धुता डोळे चोळायचे नाहीत.

रेबीज तर नाहीच. तो सस्तन प्राण्यांचा रोग, कुत्रा, मांजर, माकड, वटवाघूळ. बेडकाला तो होत नाही आणि बेडकापासनं येत नाही. दाजींना हेच सांगून मी किल्ली परत ठेवायला लावली.

पण जखम ही जखमच. साबण आणि वाहत्या पाण्याने चांगली दहा-पंधरा मिनिटं धुवा, वर पोव्हिडोन आयोडीन लावा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवत नसेल तर सरळ डॉक्टरकडं जा. हळद, चुना, काडेपेटीची पावडर जखमेत भरू नका. दुसऱ्या दिवशी सूज वाढली, लाल रेघ वर चढली, ताप आला, किंवा माणसाला शुगर असेल, तर वाट बघायची नाही.

खरा धोका दुसराच आहे, साल्मोनेला. हा पोटात गेला की जुलाब, ताप आणणारा जंतू, आणि बेडूक दिसायला ठणठणीत असला तरी त्याच्या अंगावर, पाण्यात असू शकतो. २००८ ते २०११ ह्या काळात अमेरिकेत पाळीव छोट्या आफ्रिकन बेडकांपासनं शेकडो लोक आजारी पडले, त्यात बहुतेक लहान मुलं. म्हणून पेटीचं पाणी मोरीत ओता, भांड्यांच्या सिंकमधे नको. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला आणि गरोदर बाईला ह्या कामापासनं लांब ठेवा.

रोज हातात घेतला तर माणसाळेल ना?

नाही. सवय होते, माया होत नाही. झाकण उघडलं की खाऊ येतो हे तो शिकतो, आणि मग झाकण उघडल्याबरोबर उडी मारतो, त्यालाच लोक म्हणतात ओळखतो मला. रोज हाताळलेला बेडूक मवाळ नाही, घाबरून खाणं सोडलेला असतो. त्याला बघण्यातच मजा आहे. तो मातीत बसून कसा दम धरतो, कसा एका क्षणात उसळतो, हे मी सहा वर्षांनी सुद्धा तासभर बघत बसतो.

आपला उन्हाळा

ह्यांना २४ ते २८ अंश मानवतं. आपल्याकडं मे महिन्यात ४२ च्या वर पारा आणि त्यात लाईट गेलेली. गरमीत बेडूक पेटीत सैरावैरा उड्या मारतो, काचेला नाक घासून घेतो आणि हात दिसला की तुटून पडतो. जुनं माळवदाचं घर असेल तर नशीब, जाड भिंतीच्या आतल्या खोलीत जमिनीवर पेटी ठेवा. स्लॅबच्या घरात सगळ्यात खालच्या मजल्यावर, उन्हाच्या भिंतीपासनं लांब, पेटीला बाहेरनं ओलं गोणपाट गुंडाळा आणि ते वाळू देऊ नका. माती कोरडी पडली तर तो खोल गाडून घेतो आणि अंगाभोवती मेलेल्या कातडीचं कागदासारखं वेष्टण तयार करतो. बघणाऱ्याला वाटतं मेला. ते सोलू नका, माती हळूहळू ओली करा, तो स्वतःच बाहेर येतो.

आपल्या शेतातलाच पकडला तर? आणि नको झाला तर?

पहिल्या मोठ्या पावसात वावरात पाणी साचलं की हळदीसारखे पिवळे, गालाशी निळे फुगे काढणारे मोठे बेडूक दिसतात ना, तो आपला भारतीय बुलफ्रॉग. त्याला पकडून पेटीत घालू नका. रानातला प्राणी, वन्यजीव कायद्याचा विषय, आणि रात्रभर तुमच्या सोयाबीनमधले किडे खाणारा. ह्यांच्याच तंगड्यांसाठी एकेकाळी लाखोंनी मारले गेले, शेवटी १९८७ साली भारताने तंगड्यांची निर्यात बंद केली. धोंडी मागताना ज्याला पावसाचा म्हणून मान देतो त्याला काचेत कोंडायचं कशाला.

आणि उलटं, विकत आणलेला परदेशी बेडूक कंटाळा आला म्हणून तलावात, विहिरीत, मांजरा नदीच्या काठाला सोडायचा नाही. जगणार नाही असं म्हणू नका. आपला हाच पिवळा बेडूक मत्स्यशेतीच्या मालातनं अंदमानात पोचला आणि तिथल्या बेटांवर पसरला, त्याची पिल्लं तिथल्या बेडकांची पिल्लं खाऊन टाकतात. भारतातल्याच बेडकाने भारतातच हे केलं. त्यात बाहेरनं आलेला बेडूक सोबत कातडीची बुरशी आणू शकतो, ज्या बुरशीने जगभरात बेडकांच्या कित्येक जाती संपवल्यात.

सांभाळणं होत नसेल तर दुसऱ्या सांभाळणाऱ्याला द्या, पेटी, चिमटा, डबा सगळ्यासकट. आजारी असेल तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं चौकशी करा, जाताना भोकाच्या डब्यात ओलं कोकोपीट घालून न्या आणि गाडीत उन्हात ठेवू नका.

भाच्याचा बेडूक बरा आहे. ओठाची जखम महिन्याभरात भरली. डब्यात घ्यायचं काम आता आज्जीच करते, तिचा हात सगळ्यात सावकाश चालतो.